चार घासांचा नेम

आर्णीत सकाळी फिरायला निघालो की एखादा तरी माणूस मला थांबवतो आणि वजन कसं उतरवलं म्हणून विचारतो. गेल्या महिन्यापर्यंत माझं उत्तर ठरलेलं होतं: देवापुढे नेम धरला, एका वेळी चार घास, पाचवा नाही. हे उत्तर खोटं होतं. मी नागपूरला जाऊन पोटाचं ऑपरेशन करून घेतलं होतं. त्यात जठराचा मोठा भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. त्या नळीत चार घासांच्या वर काही मावत नाही, म्हणून मी चार घास खात होतो. देवाचा त्यात काही संबंध नव्हता.

या खोट्यापायी माझी धाकटी बहीण मरता मरता वाचली. ते कसं घडलं हे लोकांना माझ्याकडूनच कळलं पाहिजे, म्हणून लिहितो आहे.

मी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. गाडी आली की कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा, बोटांनी धागा ओढून पाहायचा आणि ओलावा किती, प्रत कोणती ते सांगायचं. तीस वर्षं माझ्या शब्दावर लोकांच्या गाड्या आत गेल्या किंवा बाजूला लागल्या. मी सांगितलं म्हणजे ते खरंच असणार, अशी लोकांना सवय होऊन गेली होती. त्या सवयीचा फायदा मी पुढे घेतला.

खाण्यातही माझं नाव होतं. आमच्याकडे नवस फेडायला रोडगे करतात. गव्हाच्या जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. साधा माणूस दोन खातो. मी सात खायचो. वाढणारे माझ्यासमोर येऊन मुद्दाम ओरडायचे, "भाऊ बसले का? मंग दुसरं टोपलं काढा रे!" मला ते आवडायचं. बासष्टाव्या वर्षी वजन एकशे चोवीस किलो झालं, गुडघे जिना चढू देईनात, शुगर वाढली, झोपेत श्वास अडकायला लागला. नागपुरात नोकरी करणाऱ्या मुलानं एक दिवस गाडीत घातलं आणि डॉक्टरसमोर नेऊन बसवलं.

माझी बहीण पुसदजवळच्या एका गावात राहते. नवरा गेल्यापासून मुलगा आणि सून यांच्याबरोबर कापूस आणि तूर करते. अंगानं आम्ही दोघंही आईवर गेलो. तिचे गुडघे माझ्यासारखेच, शुगर माझ्यासारखीच, फक्त तिला रोज इन्सुलिनची सुई लागायची. पण मी जाड झालो तेव्हा लोक मला खाऊनपिऊन सुखी म्हणाले, आणि ती जाड झाली तेव्हा मीच तिला म्हणायचो, "जिभेवर ताबा ठेव जरा." सात रोडगे खाऊन हात धुताना म्हणायचो.

ऑपरेशन जूनमध्ये झालं. गावात मी पित्ताशयातले खडे काढले असं सांगितलं. खाणं थांबावं म्हणून माणसानं पोट कापून घेतलं हे ऐकून लोक हसले असते. दुसऱ्या कोणी करून घेतलं असतं तर सगळ्यात आधी मी हसलो असतो. बायको एवढंच म्हणाली, "तुमाले काय सांगायचं ते सांगा. माया तोंडून खोटं नोका वदवू."

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या शुगरच्या गोळ्या बंद केल्या. मी घाबरून विचारलं, "बंद कशा?" ते म्हणाले, "काका, आता तुम्ही चार चमचे खाणार. त्यावर जुन्या गोळ्या तशाच घेतल्या तर चालता चालता पडाल." हे त्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. डिसेंबरमध्येही आठवत होते.

घरी आल्यावर मला एका जागी बसवेना. पहिले दोन आठवडे सगळं पातळ. वरणाचं वरचं पाणी, ताक, प्रोटीनची पावडर घातलेलं दूध. तेही औषधाच्या बाटलीच्या टोपणाएवढा एक घोट, मग थांबायचं, मग दुसरा. लोटा तोंडाला लावून घटाघटा पाणी पिणं संपलं. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. भूक फारशी लागत नव्हती, पण जेवणाची वेळ झाली की हात शिवशिवायचे. आज काय केलं आहे ते विचारण्यात, जेवण्यात आणि जेवून लोळण्यात पूर्वी माझा अर्धा दिवस जात होता, हे तेव्हा कळलं. आता वाटीत तीन चमचे, आणि पुढचा सगळा दिवस मोकळा. मी उठायचो, फाटकापर्यंत जायचो, परत यायचो. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून फोडणीचा वास घ्यायचो. बायको वैतागायची. "बसा ना जी एका जागी. घरात मांजर फिरल्यासारखं करून राह्यले."

वजन उतरत होतं तसं बाकीचंही उतरत होतं. उशीवर केस दिसायचे. अंगठी आंघोळ करताना मोरीत गेली, ती जाळी काढून शोधावी लागली. दंडाखालची कातडी लोंबायला लागली, म्हणून ऑक्टोबरच्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. पँटला नाडी ओवून घेतली. कधी विसरून जरा जास्त खाल्लं तर छातीखाली दगड अडकल्यासारखं व्हायचं, तोंडाला पाणी सुटायचं आणि मोरीकडे धावावं लागायचं. पण जिना चढता येऊ लागला होता. रात्री श्वास अडकत नव्हता. मी सकाळी फिरायला लागलो, आधी चौकापर्यंत, मग थेट शेताच्या रस्त्यापर्यंत. थांबलो की पुन्हा ती हातांची शिवशिव सुरू व्हायची, म्हणून थांबायचो नाही.

मार्गशीर्षात बहिणीच्या गावी रोडग्यांची पंगत होती. तिच्या वावरातल्या नव्या विहिरीला पाणी लागलं होतं, त्याचा नवस. सहा महिन्यांत माझे तीस किलो गेले होते. पंगतीत बसलो, अर्धा रोडगा फोडला, आणि वाढणारा समोर येऊन उभा राहिला.

"भाऊ, हे काय? अर्ध्या रोडग्यावर अडकले?"

"पोट भरलं."

"तुमचं? अर्ध्या रोडग्यात? अरे, भाऊंले कोनं नाराज केलं रे?"

शेजारचा म्हणाला, "वयनीनं घरूनच जेवू घालून आनलं वाटते."

सगळी ओळ हसली. मी पानावर हात आडवा धरला तरी त्यानं वरून तूप ओतलंच. तेवढ्यात बहीण लगबगीनं आली. तिच्या कपाळावर चुलीची राख लागलेली होती. "दादा, माया घरचं तुले गोड नाही लागत का आता? विहीर माया वावरात, पह्यलं जेवन तुयं व्हावं म्हनून चार दिवस झाले तयारी करून राह्यली मी."

तिचे डोळे भरले होते. मी म्हणालो, "नेम धरला आहे. देवाले बोललो. एका वक्ताले चार घास."

लगेच सगळं थांबलं. वाढणाऱ्यानं टोपलं मागे घेतलं. नेम म्हटला की आमच्याकडे आग्रह संपतो. दुसऱ्याचा नेम मोडायला लावण्याचं पाप कोणी अंगावर घेत नाही. समोरच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्यानं मला हात जोडले. बायकोनं बायकांच्या पंगतीतून माझ्याकडे पाहिलं. नंतर हात धुताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "तुमचा देव नागपुरात भरती करून घेते वाटते."

मला हसू आलं. खरं सांगतो, मला फार हलकं वाटलं होतं. सहा महिने जे सांगता येत नव्हतं त्याला एक चांगलं नाव सापडलं होतं.

आम्ही मुक्कामाला राहिलो. सकाळी बहीण आंघोळ करून माझ्यासमोर आली. हातात नारळ आणि सुपारी. आमच्या घरात रीत आहे, ज्याचा नेम चालू असतो त्याच्या हातून सुपारी घेऊन दुसऱ्यानं तोच नेम धरायचा.

"दादा, मले बी दे."

"तुले कायले?"

"तुया अंगावरचं तीस किलो उतरलं. माये गुडघे पाह्य, वेचनीले वाकता नाही येत. तू जन्मभर मले म्हनत आला, जिभेवर ताबा ठेव, जिभेवर ताबा ठेव. घे, ठेवला."

डॉक्टरांचे शब्द मला तेव्हा आठवले. तिची सुईही आठवली. मी म्हणालो, "डॉक्टरले विचारून घे."

"देवाच्या कामात डॉक्टर कायले आनतं?" तिनं हात पुढे केला.

बायको तेव्हा आंघोळीला गेली होती. ती समोर असती तर बोलली असती, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी घाई केली. बहिणीच्या हातावर सुपारी ठेवली.

त्यानंतर तिचा दर दोन दिवसांनी फोन यायचा. "आजबी पाचवा घास नाही घेतला." मी शाब्बास म्हणायचो आणि फोन कानाला लावून अंगणात येरझारा घालायचो. एकदा विचारलं, "सुई कमी केली का?"

"सुई कशी कमी करू? ते तं औषध होय."

"चक्कर वगैरे?"

"येते थोडी. अंग उतरून राह्यलं ना, तं येईनच."

त्या वेळी सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हणालो, "जपून राहा."

जानेवारीत एका दुपारी भाच्याचा फोन आला. "मामाजी, आई वावरात पडली. बोलूनच नाही राह्यली." ती कापूस वेचत होती. कमरेला बांधलेल्या फडक्यातला कापूस सांडला आणि ती पराट्यांच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, ओळीत आडवी झाली. सुनेनं आरडाओरडा करून माणसं जमवली आणि तिला पुसदला नेलं. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या हाताला सलाईन होतं. शुगर इतकी खाली गेली होती की अजून थोडा उशीर झाला असता तर काही हाती राहिलं नसतं, असं तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

बहिणीनं डोळे उघडले, मला पाहिलं आणि म्हणाली, "दादा, नेम नाही मोडला. सकाळी चारच खाल्ले."

मी खोलीबाहेर गेलो. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती वेळ चालत होतो कोण जाणे.

डॉक्टरीण बाईंनी सुई कमी केली आणि तिला खडसावलं. वेळेवर आणि पोटभर खा, पुन्हा अशी पडलीस तर उठशील याची मी हमी देत नाही. बहिणीनं मान हलवली. संध्याकाळी ताट आलं, तिनं चार घास मोजून खाल्ले आणि ताट सरकवलं. सून माझ्याकडे वळली. "मामाजी, तुमी सांगा ना. आमचं नाही ऐकत त्या."

तेव्हाही खरं सांगायच्या ऐवजी मी पळवाट शोधली. "उद्यापन करून टाक," मी म्हणालो. "नेम फळाला आला म्हणायचं आणि सोडायचा."

"तू केलं का उद्यापन?"

"नाही."

"मंग? नेम तू देला. तू सोडशीन तं मी सोडीन. आधी तुया पाचवा घास, मंग माया."

आठ दिवसांनी तिच्या अंगणात उद्यापन ठरलं. मी स्वतःला समजावत होतो की एक रोडगा हळूहळू चावून खाल्ला तर उतरेल. आदल्या दिवसापासून मी जवळपास उपाशी होतो. दुपारी अंगणात गेलो तर बहिणीच्या पानाशेजारी आणखी सहा बाया ओळीनं बसलेल्या होत्या.

"ह्या कोण?"

"माया बचत गटातल्या. ह्यायनं बी नेम धरला. मी सुपारी देली," बहीण म्हणाली. पडून उठल्यावरही तिच्या आवाजात अभिमान होता.

सात जणी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी चार घास खाल्ले. पाचवा उचलला. एक बाई म्हणाली, "घ्या ना भाऊ लवकर, तुपाचा वास येऊन राह्यला इकडं." पाचवा घेतला. सातही जणींनी घेतला, खिदळत, एकमेकींना कोपरानं ढोसत. सहावा. सातवा. आठव्याला छातीखाली दगड बसला. कपाळावर घाम आला. मी उठलो आणि गोठ्याच्या मागे जाऊन सगळं ओकलो.

परत आलो तेव्हा बहीण पानावरून उठून उभी होती. एकीनं कुजबुज केली, "देव कोपला वं बाई." दुसरी म्हणाली, "उद्यापनाची घाई झाली. आता दोन-दोन घासांवर राहा लागन." बहिणीनं वाकून आपलं पान बाजूला सारलं. "मी नाही खात आता. काहीच नाही खात."

मला खरं सांगावं लागलं ते यामुळे. माझी सद्सद्विवेकबुद्धी जागी झाली वगैरे काही नाही. दुसरी वाट राहिली नव्हती.

"देव नाही कोपला," मी म्हणालो. "माया पोटच नाही. कापून काढलं आहे. नागपूरले. ते खड्याचं ऑपरेशन नव्हतं."

टोकाला बसलेल्या म्हातारीला कमी ऐकू येत होतं. "काय म्हनते वं तो?"

"पोट कापलं म्हनते."

"कोनाचं?"

"सोताचं."

"काहून?"

"कमी खाता यावं म्हनून."

म्हातारीनं कपाळाला हात लावला. "मंग कमी खायचं ना बाप्पा. कापाले कायले पाह्यजे?"

बाया हसल्या, तोंडाला पदर लावून, एक तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. याच हसण्याला मी आठ महिने भीत होतो. ते दोन मिनिटांत संपलं. बहीण हसली नव्हती.

"तुयी शुगरची गोळी?" तिनं विचारलं.

"डॉक्टरनं बंद केली."

"कवा?"

"ऑपरेशन झाल्या झाल्या. एवढ्याशा खाण्यावर गोळी घेतली तर पडाल, म्हणाले."

"म्हंजे मले सुपारी देली तवा तुले मालूम व्हतं."

"हो."

"आन् फोनवर इचारत व्हता, चक्कर येते का म्हनून. तवाबी."

"हो."

ती खाली बसली. बाजूला सारलेलं पान पुन्हा पुढे ओढलं. बायांना म्हणाली, "जेवा वं. आपला देवासंगं काही झगडा नाही." मग रोडगा फोडून वरणात कालवला आणि खायला लागली. दोन रोडगे खाल्ले. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. कोणी घास मोजले नाहीत. सुनेनं तिसरा वाढायला हात पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "बस, पोट भरलं." माझी बायको माझ्या बाजूला उभी होती. तिनं माझ्या हातात ओला टॉवेल दिला आणि भांडी उचलायला गेली.

निघताना बहीण फाटकापर्यंत आली.

"आर्णीत कोनाकोनाले सांगतलं तू हे नेमाचं?"

"जो विचारेल त्याला."

"त्यायच्यात कोनी सुई घेनारं असंन. गोळी घेनारं असंन." ती फाटकाची कडी लावत होती. "पह्यले त्यायले सांग. सगळ्यायले. मंगच माया घरी ये."

तेव्हापासून मी सांगत फिरतो आहे. सकाळी रस्त्यावर एकेकाला थांबवतो. एक जण म्हणाला, "मले तं आधीच डाऊट व्हता." दोघांनी नमस्कार करणं सोडलं. एका दुकानदारानं दुकान मोकळं होईपर्यंत मला बसवून ठेवलं आणि मग हळूच नागपूरच्या डॉक्टरचा पत्ता मागितला. त्याला मी सगळं सांगितलं: पातळ खाण्याचे दिवस, जन्मभराच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या, गळणारे केस, आणि हेही सांगितलं की ऑपरेशनमुळे मला बरं वाटतं. आपली शुगरची औषधं स्वतःच्या मनानं कमीजास्त करू नका, आणि औषध तेच ठेवून खाणंही एकदम तोडू नका, एवढं मी प्रत्येकाला सांगतो. सून फोनवर सांगते, आई दोन्ही वेळा जेवतात, सुई वेळेवर घेतात. बहीण फोनवर येत नाही.

नेम ज्यांना सांगितला होता त्यांची मी यादी केली, तीत सतरा माणसं होती. सोळा झाली. एक राहिला आहे. डिसेंबरच्या शेवटी मी यवतमाळच्या बसस्टँडवर बसची वाट पाहत होतो, तेव्हा माझ्याएवढाच जाड एक माणूस बाकावर शेजारी येऊन बसला. पन्नाशीचा असेल. दोन गोळ्या तोंडात टाकून त्यानं पाणी प्यायलं आणि मी कशानं उतरलो ते विचारलं. मी नेम सांगितला. त्यानं तो पुन्हा माझ्याकडून म्हणून घेतला, चार घास, पाचवा नाही, आणि त्याची बस लागली म्हणून धावला. गोळ्या कशाच्या, तो कुठल्या गावचा, काही विचारलं नाही. दारव्ह्याची बस होती की दिग्रसची, तेही नक्की आठवत नाही. आठवड्यातून दोनदा मी यवतमाळला जातो आणि त्याच वेळी त्या स्टँडवर फिरत राहतो. हे त्याच्या वाचनात आलं, किंवा त्याला ओळखणाऱ्या कोणाच्या, तर त्याला सांगा की तो नेम नव्हता. त्यानं पोटभर जेवावं आणि डॉक्टरकडे जावं.